भाग सातवा

तपेलं भाड्याचं होतं,
भांडीबाजारातल्या वडनेऱ्यांकडचं, दिवसाला वीस रुपये,
वर अट: पोचा पडता कामा नये, भोक तर नाहीच नाही.
म्हणून परग्रहावरून आलेल्या मला
डोळे नव्हते.

सातपूरला मी पॅनेलच्या वायरी जोडायचो, रात्रपाळीला.
उंची पाच फूट, तेवढ्यावर निवड झाली.
हुदलीकर बाई म्हणाल्या, अभिनय करू नका, नुसतं चाला.
मी चाललो. डोक्यावर उलटं तांबं,
हनुवटीखालून दिसेल तेवढंच जग:
माझे चंदेरी रंग मारलेले गमबूट,
मातीची एक पट्टी,
आणि पुढे दोन सँडल,
एकीचा बंद सेफ्टी पिनेने अडकवलेला.
ती हर्षला. इयत्ता चौथी.

ग्रह दिंडोरी रस्त्याला सापडला.
निवृत्ती गामण्यांची बाग, एप्रिल छाटणी उरकलेली,
नुसते ओलांडे, नुसत्या तारा, औषधाला पान नाही.
बाई जीपमधून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, हाच!
गामणे म्हणाले, हाच म्हणजे?
थॉमसन आहे.

धुक्यासाठी त्यांचाच फवारणीचा ब्लोअर, साधं पाणी भरून.
तळाशी मोरचूद राहिलं होतं.
पहिल्याच फवाऱ्यात सगळं युनिट निळं.
सय्यदभाईंनी कॅमेऱ्यावर स्वतःचा सदरा टाकला
आणि उघड्या अंगाने निळे होत उभे राहिले.
नोंदी ठेवणाऱ्या मुलीने वहीत लिहिलं:
ग्रहाचा रंग बदलला.
आधीचे सहा भाग तो तांबडा होता.

वाट चुकलेल्या मुलीला परग्रहवासी घरी पोचवतो,
असं कागदावर.
बागेत ती पुढे, ओठ न हलवता:
तीन पावलं. आता तार. वाका. अजून वाका.
मी वाकायचो
आणि लांबून बाई ओरडायच्या,
छान! किती नम्र वाटतोय!

तपेल्यात आपलाच श्वास फार मोठा होतो.
दुपारी दोनला तांबं असं तापलं
की चार वर्षांच्या रात्रपाळ्या कानात घुमायला लागल्या,
सायरनसकट.
पिनेच्या सँडलकडे बघत राहिलो.
ती थांबली की थांबायचं. एवढंच.

चौथ्या दिवशी निरोपाचं दृश्य.
तिने म्हणायचं होतं:
जा, तुझी माणसं आकाशात वाट बघतायत.
सूर्य रामशेजच्या मागे टेकलेला.
मी वळलो तो नेमका चारीच्या बाजूला,
आणि ती मोठ्याने, सगळ्यांदेखत:
काका, उजवीकडे चारी आहे, सांभाळून!

परत घ्यायला उजेड नव्हता.
बाई थोडा वेळ बांधावर बसल्या, मग म्हणाल्या, राहू दे.
फक्त काका या शब्दावर एडिटिंगमध्ये
पीं-पीं टाकलं.
त्या ग्रहावर माझं तेवढंच नाव.
माझ्या आवाजाच्या जागी पुण्याच्या कुणाचा तरी,
जरा जास्तच शहाणा.

रविवारी सकाळी लागला तेव्हा मी कँटीनमध्ये होतो,
टीव्हीला मुंग्या.
हेल्परने विचारलं, हे येडं कोण?
चहा निवत होता, मी प्यायलो.

पण ते पुढच्या महिन्यातलं. शूटिंग संपलं
त्याच्या दुसऱ्या दिवशी तपेलं परत करायचं होतं.
वडनेऱ्यांनी ते बोटांनी वाजवून बघितलं, उजेडाकडे फिरवलं.
पोचा नव्हता.
आत, तोंड येईल त्या उंचीवर,
एक हिरवट वर्तुळ.
हे काय?
श्वास असेल, म्हटलं.
त्यांनी पाच रुपये कापून घेतले.
चिंचेने निघेल, म्हणाले.
नाही निघालं तर?
तर कळवतो.

अजून कळवलेलं नाही.